दाणा कुणाचा आणि हिशेब कुणाचा?

परक्याच्या मदतीचा विषय निघाला की आपल्याकडील शहाणी माणसे दोन पंथांत विभागली जातात. एक पंथ म्हणतो, देणे हे पुण्याचे काम आहे. द्यावे आणि विसरून जावे. दुसरा म्हणतो, फुकटचे खाऊन माणसाचे हातपाय गळतात. तेव्हा देऊच नये. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशांना मदत करणारी सरकारी संस्था अधिकृतपणे बंद झाली, तेव्हा या दुसऱ्या पंथाने दिवाळी आधीच साजरी करून घेतली. ‘‘बरे झाले! आता तरी आफ्रिका स्वतःच्या पायांवर उभी राहील,’’ असे उद्गार मी माझ्या कानांनी ऐकले. आणि तेही पोटभर जेवून उठलेल्या, सुपारी कातरीत बसलेल्या मंडळींच्या तोंडून. आफ्रिका म्हणजे चोपन्न देशांचा खंड. पण आमच्या या मंडळींना ते एकाच घरातले एक उनाड पोर वाटते. त्याचा खुराक बंद केला की ते सुधारणार!

मला या दोन्ही पंथांशी भांडायचे आहे. कारण वरवर ते एकमेकांच्या विरुद्ध दिसले, तरी दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली आहे: देणाऱ्याच्या हातावर. तो हात उघडावा की मिटावा, एवढाच त्यांचा वाद. घेणाराही काही विचार करीत असेल, आलेल्या दाण्याचे काय करायचे हे तोही ठरवू शकेल, ही शंकाच कुणाला शिवत नाही. माझे म्हणणे असे की, मदत तारते की मारते हे दात्याच्या उदारपणावर फारसे ठरत नाही. ते ठरते, आलेल्या दाण्याचा हिशेब कुणाच्या वहीत लिहिला जातो यावर. हे नुसते बोलून पटणार नाही. म्हणून वाचकांना मी एका लहानशा, कोरड्या देशात घेऊन जातो.

त्या देशाचे नाव केप व्हर्ड. नावाचा अर्थ ‘हिरवे भूशिर’. ते हिरवे भूशिर प्रत्यक्षात समोरच्या सेनेगलच्या किनाऱ्यावर आहे. या बेटांच्या वाट्याला फक्त त्याचे नाव आले. आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर, भर अटलांटिक महासागरात पडलेली ही दहा बेटे. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ ४,०३३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून किंचित जास्त. आणि वस्ती सुमारे पाच लाख, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. लागवडीजोगी जमीन दहांत एक. पावसाचे दिवस जुलै ते ऑक्टोबर. पण तो येईलच असा भरवसा नाही. आला तर असा येतो की डोंगरउतारावरची माती घेऊन थेट समुद्रात जातो, आणि नाही आला तर वर्षानुवर्षे येत नाही. लोकांचे रोजचे अन्न मका आणि घेवड्याच्या जातीची कडधान्ये. ती एकत्र शिजवून जी ‘काशुपा’ करतात तिच्यावर ही बेटे जगतात. पण पाऊस बरा झाला, तरी देशाच्या गरजेच्या मानाने पिकणारा मका थोडाच.

या बेटांवर मुळात मनुष्यवस्ती नव्हती. १४६२ साली पोर्तुगिजांनी तेथे पहिले गाव वसवले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे विकण्याचे ते एक ठाणे बनले. पुढे गुलामांचा व्यापार संपला. पोर्तुगिजांचे राज्य मात्र १९७५ पर्यंत राहिले. गोव्याच्या मानेवर ज्या सालाझारशाहीचे जोखड होते, तीच राजवट या बेटांवर होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा सुटला. केप व्हर्डला ५ जुलै १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली.

त्या राजवटीत दुष्काळ पडला म्हणजे काय होई, ते ऐका. १९४१ ते १९४३ आणि पुन्हा १९४७-४८ असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. १९४० साली बेटांची लोकसंख्या सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९५० साली ती दीड लाखाच्या आसपास भरली. जी माणसे कमी झाली त्यांतली काही साओ तोमे बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत कंत्राटी मजूर म्हणून नेली गेली. बाकीची बहुतेक मातीत गेली. पोर्तुगाल महायुद्धात तटस्थ होता, त्याच्या घरावर बाँब पडत नव्हते. तेवढ्याच अवधीत, १९४३ साली, आपल्या बंगालात इंग्रजांच्या छत्राखाली लाखो माणसे अन्नान्न करून मेली. दोन निरनिराळी साम्राज्ये, आणि दोहोंची एकच रीत: ज्यांचे राज्य त्यांच्या जमाखर्चात भुकेल्यांच्या जिवाला रकानाच नव्हता.

पण दानधर्म नव्हता असे मात्र नाही. प्राया या राजधानीत सरकारी साह्यगृह होते, तेथे गोरगरिबांना शिजवलेले अन्न मिळे. २० फेब्रुवारी १९४९ रोजी त्या अन्नासाठी जमलेल्या गर्दीवर इमारतीची भिंत कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसे जागच्या जागी मेली. ती शेते नांगरीत नव्हती, रस्ता बांधीत नव्हती, बाजारात मीठमिरची घेत नव्हती. दुसऱ्याने दिलेला घास घेण्यासाठी ती तेथे आली होती. ‘द्यावे आणि विसरून जावे’ म्हणणाऱ्या पहिल्या पंथाने ही भिंत डोळ्यांपुढे ठेवावी. तिच्याखाली सापडलेल्यांना अन्न मिळत होते. ते कुणाचे कोण, काय करणार, उद्या कसे जगणार, हे विचारणारे कुणी नव्हते.

ही बेटे ज्याने लहानपणी पाहिली असा एक तरुण पुढे लिस्बनला जाऊन शेतीशास्त्र शिकला. अमिल्कार कब्राल त्याचे नाव. जमिनीची धूप हा त्याच्या अभ्यासाचा विषय. उतारावरची माती का वाहून जाते याचा शोध घेता घेता तो अशा निष्कर्षाला आला की माती धरून ठेवायची तर आधी राज्य हाती पाहिजे. १९५६ साली त्याने गिनी आणि केप व्हर्ड यांच्या मुक्तीसाठी पक्ष काढला, पुढे बंदूकही उचलली, आणि २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे त्याचा खून झाला. स्वातंत्र्य पाहायला तो उरला नाही. पण त्याच्या शेतकीच्या ज्ञानाचे पाणी त्याच्या सोबत्यांच्या अंगी मुरले होते.

१९७५ साली त्यांच्या हाती राज्य आले ते कसल्या मुहूर्तावर! १९६८ पासून पाऊस रुसलेला. जमिनीत दाणा नाही, तिजोरीत पैसा नाही. परक्या देशांच्या मदतीशिवाय गत्यंतर नव्हते. अमेरिका, हॉलंड, स्वीडन, पश्चिम जर्मनी अशा अनेक देशांची धान्याची जहाजे बंदराला लागू लागली. आता नव्या सरकारने काय करावे? चौकाचौकांत पंगती बसवाव्यात आणि दात्यांच्या नावाने टाळ्या वाजवाव्यात? तसे झाले असते तर दाते खूश झाले असते, छायाचित्रेही छान निघाली असती.

त्या सरकारने आलेले धान्य चक्क विकायला काढले!

वाचक दचकतील. उपाशी माणसाला धर्मादाय मका विकत द्यायचा? पण थांबा, पुढचे ऐका. सरकारी व्यापारी संस्थेमार्फत तो मका दुकानांत गेला आणि ठरल्या भावाने विकला गेला. आलेली रक्कम राष्ट्रीय विकासनिधीत जमा झाली. त्या निधीतून गावोगाव कामे निघाली: डोंगरउतारावर दगडी बांध घालणे, ओढ्यांना ताली घालून माती अडवणे, रस्ते करणे, रोपांसाठी खड्डे खणणे. कामावर येणाऱ्याला रोख मजुरी मिळाली, आणि ती मजुरी घेऊन तो, किंबहुना बहुतेक वेळा ती, कारण या कामांवर बायकांची संख्या मोठी होती, दुकानात गेली आणि पैसे मोजून मका घेऊन आली. म्हणजे एकाच दाण्याने दोन कामे केली. तो पोटात गेला, आणि जाता जाता डोंगरावर एक बांध उभा करून गेला. शिवाय दुकानाच्या दारात ती बाई भिकारीण म्हणून उभी नव्हती. गिऱ्हाईक म्हणून उभी होती. मका किडका निघाला तर ‘हा काय दिलास?’ असे दुकानदाराला विचारण्याचा तिला अधिकार होता. साह्यगृहाच्या भिंतीखाली बसलेल्यांना तो अधिकार नव्हता.

याचे फळ काय मिळाले? दुष्काळ तर स्वातंत्र्यानंतरही पडत राहिले; परंतु चाळिसाच्या दशकासारखे भूकबळी पुन्हा पडले नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी सारी मिळून तीनएक हजार हेक्टर झाडी होती; पुढच्या पंचवीसएक वर्षांत ती ऐंशी हजार हेक्टरांच्या घरात गेली. त्यांत मोठा वाटा आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तिचा. आपल्याकडे तिला शिव्या देतात, आणि त्या काही अगदीच अस्थानी नाहीत. पण जेथे गवताची काडी टिकत नाही तेथे सरपण आणि सावली देणाऱ्या झाडाला कोण नाव ठेवील? शाळेतल्या मुलांचे जेवण संयुक्त राष्ट्रांच्या अन्नकार्यक्रमातून येई. २०१० साली ती जबाबदारी सरकारने स्वतःच्या शिरावर घेतली. डिसेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘अत्यल्पविकसित देशां’च्या यादीतून केप व्हर्डचे नाव निघाले. त्यापूर्वी आफ्रिकेतून एकट्या बोट्स्वानाला ते साधले होते. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या पाच लाखांच्या देशाने फुटबॉलच्या विश्वचषकात जागा मिळवली. ती अर्थात कुणी मदत म्हणून दिली नव्हती.

आता दुसऱ्या पंथाचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप, मदतीने माणूस आळशी होतो. केप व्हर्डच्या उन्हात दगड वाहणाऱ्या बाईला जाऊन हे सांगून पाहावे. दुसरा आक्षेप, दाते स्वार्थी असतात. हे मला शंभर टक्के मान्य आहे. अमेरिकेचा कायदाच असा की मदतीच्या धान्यापैकी निदान निम्मे अमेरिकन जहाजांतूनच गेले पाहिजे. पण दाता स्वार्थी आहे म्हणून घेणाऱ्याने बावळट असलेच पाहिजे असे थोडेच आहे? केप व्हर्डने अमेरिकेचा मका घेतला, तसे चीनकडून आपले संसदगृह बांधून घेतले. आणि साँतियागो बेटावरचे पहिले मोठे धरणही चीननेच बांधले, ते २००६ साली पुरे झाले. साल बेटाच्या विमानतळावर दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारची विमाने इंधन भरीत, आणि त्यांच्याशी अंगोलात लढायला निघालेल्या क्यूबाच्या सैनिकांची विमानेही तेथेच उतरत. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. मी याला गरीब घरातल्या कर्त्या बाईचे शहाणपण म्हणतो. ती चारही शेजारणींकडून उसने आणते. पण आज चुलीवर काय शिजणार हे शेजारणींना ठरवू देत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: मदत चोर खातात. खातात, यात संशय नाही. पण चोरी कोठे फावते? ज्या वहीकडे कुणी पाहत नाही तेथे. केप व्हर्डचे पहिले पंतप्रधान पेद्रू पिरेश यांचा पक्ष १९९१ च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत हरला, आणि निमूटपणे खुर्चीवरून उठला. हेच पिरेश २००१ साली अवघ्या बारा मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या देशात बारा मतांनी सत्ता मिळते आणि हरलेला पक्ष घरी जातो, तेथे तिजोरीवर हात मारताना माणूस दहा वेळा विचार करतो. १९९१ पूर्वीची एकपक्षीय राजवट धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणत नाही. १९८१ साली सांतो आंतांव बेटावर जमीनसुधारणेला विरोध करणाऱ्यांवर सैनिकांची गोळी चालली, हा त्या राजवटीवरचा डाग आहे. कामांवरची मजुरी तुटपुंजी होती, हेही खरे. आज देश पर्यटकांवर इतका विसंबून आहे की २०२० साली साथीमुळे विमाने थांबली तेव्हा त्याची कंबरच बसली. कर्जाचा बोजाही मोठा आहे. तेव्हा हे काही रामराज्य नव्हे. पण मदत घेऊनही ताठ कसे राहता येते हे त्याने दाखवले, आणि माझ्या वादाला तेवढे पुरेसे आहे.

उलट, वही दात्याच्या हातात राहिली म्हणजे काय होते, त्याचाही एक दाखला देतो. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराच्या काठचे लोक गुरेशेळ्या पाळून राहतात. नॉर्वेचे लोक मासेमारीत प्रवीण. त्यांना वाटले, या लोकांनी कोळी व्हावे. त्यांनी मोठ्या खर्चाने मासे गोठवण्याचा कारखाना बांधून दिला. पण त्या रखरखीत मुलखात मासे गोठवण्याचा खर्चच माशांच्या किमतीला परवडेना, आणि थोड्याच दिवसांत कारखान्याला कुलूप लागले. हेतू वाईट नव्हता. हिशेब ओस्लोत मांडला होता, एवढेच. अशा फसलेल्या कारखान्याकडे बोट दाखवून आमचा दुसरा पंथ म्हणतो, ‘‘बघा, आफ्रिकेला दिलेले वाया जाते!’’ नवरदेवाचे माप न घेता शिंप्याने अंगरखा शिवला, आणि तो बसला नाही म्हणून दोष नवरदेवाला!

आता कुणी म्हणेल, या दूरच्या बेटांचे पुराण दिवाळीत आम्हांला कशाला? त्याचे कारण आपल्याच घरात आहे. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ कायद्याखाली १९५६ पासून आपल्याकडे गहू येऊ लागला. आपणही तो विकलाच. पण विकून आलेले रुपये जमा झाले अमेरिकेच्या खाती. त्यांतले काही आपल्याला कर्जाऊ मिळाले, काही अमेरिकेने स्वतःच्या कामांना वापरले. आपली मराठी पुस्तकेसुद्धा त्या रुपयांतून विकत घेतली जाऊन अमेरिकेच्या ग्रंथालयांत पोचली! साठीच्या मध्यात लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला आणि दिल्लीने व्हिएतनामच्या युद्धाविषयी दोन शब्द कडू बोलले, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे महिन्याच्या महिन्याला मोजून सोडायला सुरुवात केली. दाणा त्यांचा, वहीही त्यांची. त्या खात्यापैकी सुमारे १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश १९७४ साली अमेरिकेने भारताला परत दिला, तेव्हा कोठे तो अध्याय संपला.

आणि १९७२ चा दुष्काळ? त्या साली मी नऊ वर्षांचा होतो. घरात रेशनच्या लाल मिलोची भाकरी होती आणि शाळेत सुकडी मिळे. आई गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर जात असे. कामावरचा मुकादम हजेरीत गफलत करी, आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत मजुरीचा पत्ता नसे. पण एके दिवशी आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माझे सहा दिवस भरलेत. मस्टर काढ.’’ त्याने मस्टर काढले. मिलो कोणत्या देशाचा हे तिला ठाऊक नव्हते. पण मस्टरवर आपले नाव आहे आणि त्यापुढे सहा खुणा आहेत, हे तिला पक्के ठाऊक होते. त्या दुष्काळात महाराष्ट्रात अशा कामांवर एके वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना बळावली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला हक्काचे काम मिळाले. केप व्हर्डच्या डोंगरावर आणि आमच्या माळरानावर लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकच गोष्ट ओळखली होती. भुकेल्या माणसाला भाकरीइतकेच मस्टर लागते.

आता काळ फिरला आहे. घेणाऱ्यांच्या रांगेतले आपण देणाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आहोत. १९६४ पासून भारत परदेशी तंत्रज्ञांना आपल्याकडे प्रशिक्षण देत आला आहे, हे भूषणावह आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांना आपण कर्जे देतो, हेही चांगले आहे. मात्र त्या कर्जांतून होणाऱ्या खरेदीचा बराच मोठा भाग, सामान्यतः तीन चतुर्थांश, भारतातूनच झाला पाहिजे अशी अट असते. ही अट वाचली की मला अमेरिकेच्या जहाजांची आठवण होते. काल जी वही दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून आपण चरफडत होतो, तीच वही आज आपल्या काखेत आहे, आणि आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही!

म्हणून दोन्ही पंथांना माझे सांगणे असे. आफ्रिकेला द्यावे की न द्यावे, यावर फराळाच्या ताटाभोवती अवश्य वाद घाला. पण दिवाळीनिमित्त कामवालीला साडी देताना असो, आश्रमशाळेला धान्याची पोती पाठवताना असो, वा आपल्या सरकारने कुठल्या कोरड्या देशाला कर्ज दिल्याची बातमी वाचताना असो, तीन प्रश्न विचारायला चुकू नका. काय हवे हे घेणाऱ्याला विचारले होते का? दिलेल्याचे काय करायचे ते त्याने ठरवले का? आणि माल किडका निघाला तर तो आपल्या तोंडावर तसे म्हणू शकेल का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर निःशंक मनाने द्या. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर हात आखडू नका. आधी वही त्याच्या हाती द्या, आणि मग दाणा द्या.